‘जैन मिळेल का?’ या प्रश्नापुढचा प्रश्न



गेल्या नाताळच्या सुट्टीत मुलांनी हैदराबादच्या सहलीचा बेत आखला. रामोजी फिल्म सिटी पाहण्याचा नातवंडांचा हट्ट दोन वर्षांपासूनचा होता. यवतमाळहून पांढरकवड्यास यावे, तेथे राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ धरावा आणि पैनगंगा ओलांडून आदिलाबाद, निर्मल, कामारेड्डी करीत सुमारे चारशे किलोमीटरवर हैदराबाद गाठावे. मुंबई-पुण्याकडील मनोरंजन उद्यानांपेक्षा आम्हा यवतमाळकरांना हेच अधिक जवळ. जाणाऱ्यांची नावे लिहिली जात असता आमचे यजमान शांतपणे म्हणाले, “माझे नाव घालू नका. तुम्ही सारे जाऊन या. माझ्या पथ्यापायी मुलांची मौज बिघडायला नको.”

खोलीत एकदम शांतता पसरली. मे महिन्यात नागपूरला यांची अँजिओप्लास्टी झाली, दोन स्टेंट बसले. रुग्णालयातून निघताना मिळालेल्या कागदावर औषधांच्या खाली तीनच ओळी होत्या : तेल-तूप कमी, मीठ कमी, रोज चालणे. त्या तीन ओळींनी सात महिन्यांत यांना लग्नकार्यातून, स्नेहभोजनातून, मित्रांच्या बैठकीतून हळूहळू बाजूला सारले होते. आता त्या ओळी नातवंडांच्या आणि आजोबांच्या मध्ये येऊ पाहत होत्या. मी म्हणाले, “अहो, आपण कधी हॉटेलचे खातो का? डबा मी घरून घेते. सगळे शुद्ध जैन.” मोठ्या आत्मविश्वासाने मी हे बोलले आणि दुसऱ्या दिवशी कढई चढवली.

फरसी पुऱ्या, तळलेल्या पोह्यांचा चिवडा, तूप लावलेले खाकरे, मेथीचे ठेपले, बेसनाचे लाडू. आपल्यापैकी कोणत्या घरात प्रवासाची तयारी याहून वेगळी असते? सूनबाई बाजूला उभी राहून पाहत होती. तिने एकच केले. मी पिठात घातलेले मोहन तिने वाटीने मोजून ठेवले होते. तळण आटोपल्यावर कढईतील उरलेले तेलही मोजले. अर्धा किलो पिठात अर्धी वाटी तेल मोहनाचे गेले होते आणि आणखी एक वाटी कढईतून नाहीशी झाली होती. पुऱ्या झाल्या साठ. तिने कागदावर हिशेब मांडला : दीड वाटी म्हणजे सुमारे दोनशे ग्रॅम तेल, एका पुरीत साधारण साडेतीन ग्रॅम.

मग तिने भ्रमणध्वनीवर राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२४ सालची आहारविषयक मार्गदर्शिका उघडून दाखवली. दिवसाला दोन हजार कॅलरींचा आहार घेणाऱ्या माणसाच्या ताटाचा नमुना तीत दिला आहे : भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, धान्ये २५० ग्रॅम, डाळी-कडधान्ये ८५ ग्रॅम, दाणे व तेलबिया ३५ ग्रॅम, दूध किंवा दही ३०० मिलिलिटर आणि तेल-तूप सारे मिळून २७ ग्रॅम. म्हणजे साधारण सहा लहान चमचे. “आई,” ती हलक्या आवाजात म्हणाली, “या आठ पुऱ्यांत बाबांच्या संपूर्ण दिवसाचे तेल संपते. आणि प्रवासात आठ पुऱ्या तर चहाबरोबर जातात.”

मी डब्याकडे पाहत राहिले. त्यात कांदा नव्हता, लसूण नव्हता, बटाटा नव्हता. आचारदृष्ट्या डबा निर्दोष होता. पण ज्या माणसासाठी तो भरला होता, त्याच्या हृदयाचा विचार त्यात कोठेच नव्हता.

आपल्या घरांतून हा गोंधळ सर्रास होतो, म्हणून आज हा विषय घेतला. ‘शाकाहारी’ म्हणजे ‘हलके’ आणि ‘जैन’ म्हणजे ‘पथ्याचे’, असे आपण नकळत धरून चालतो. वस्तुतः हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिला प्रश्न जीवदयेचा : ताटात काय वर्ज्य आहे? दुसरा प्रश्न प्रमाणाचा : जे वर्ज्य नाही, ते किती आहे? पहिल्याचे उत्तर आपण अगदी दक्षतेने घेतो. दुसरा प्रश्न बहुधा विचारतच नाही.

आश्चर्य असे, की तो आपल्या पूर्वाचार्यांनी फार पूर्वी विचारून ठेवला आहे. बाह्य तपाच्या सहा प्रकारांत अनशन आहेच. पण त्यापाठोपाठ ऊनोदरी आहे, म्हणजे भुकेपेक्षा चार घास कमी. वृत्तिसंक्षेप आहे, म्हणजे पदार्थांच्या संख्येला मर्यादा. आणि रसत्याग आहे. श्वेतांबर परंपरेत दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर यांच्या जोडीला कढईत तळलेल्या पदार्थांना सहावी विगई म्हणून स्वतंत्र स्थान दिले आहे. दिगंबर परंपरेतील रसपरित्यागाच्या यादीत तळणाच्या जागी मीठ येते. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या तर नागपूरच्या कागदावरील तेल, तूप आणि मीठ हे तिन्ही शब्द त्यांत सापडतात. चैत्र आणि आश्विनातील ओळीत नऊ-नऊ दिवस आयंबिल करणाऱ्या आपल्या भगिनींना तेलाच्या थेंबाविना चविष्ट कसे रांधावे, हे कोणी शिकवायला नको. तप आत्मशुद्धीसाठी असते आणि पथ्य शरीरासाठी. दोहोंची गल्लत करू नये. परंतु जी कला आपण वर्षातून अठरा दिवस जाणतो, ती उरलेल्या दिवसांत अगदीच विसरून जावी, असेही कोठे सांगितलेले नाही.

डबा पुन्हा भरला. ज्वारीच्या लाह्या, फुटाणे, तव्यावर कोरडे भाजलेले खाकरे, पहिल्या दिवसापुरते उकडलेले मूग, आपल्याच भागातली संत्री, केळी आणि जवसाची चटणी. ही चटणी एरवी लसणाशिवाय होत नाही असे म्हणतात. मी जवस भाजून त्यात जिरे, लाल तिखट, हिंग आणि चिमूटभर मीठ घातले. जवसातील मेद हृदयाला मानवणाऱ्या ओमेगा-३ प्रकारचा असतो. तथापि जवस ही तेलबीच आहे, म्हणून तिचाही चमचा मोजावा. पुऱ्यांचा डबा मुलांसाठी बरोबर घेतला. पथ्य एकाचे आणि शिक्षा सर्वांना, हेही योग्य नव्हे. आणि मग सूनबाईने यांच्यासमोर जाऊन सांगितले, “बाबा, तुमचे नाव यादीत पहिले लिहिले आहे.”

येथवर सारे ठीक झाले. पुढची चूक आमच्या कोणाच्याच ध्यानात आली नाही.

पहाटे सहाला निघालो. यांची नवकारशी असते. ती पारून यांनी रक्तदाबाची गोळी घेतली, एक कोरडा खाकरा खाल्ला आणि पुढे काहीच घेईनात. आदिलाबादेस मुलांनी नाश्ता केला, हे म्हणाले, “मला भूक नाही.” निर्मलला मूग पुढे केले, हे म्हणाले, “राहू दे, जेवढे कमी तेवढे बरे.” पथ्य काटेकोर पाळायचे या निश्चयाने माणूस उपाशीच राहू लागला होता आणि आम्ही मनातल्या मनात त्यांच्या संयमाचे कौतुक करीत होतो. साडेबाराच्या सुमारास कामारेड्डीजवळ यांना दरदरून घाम आला, चेहरा पांढरा पडला, डोळ्यांपुढे अंधारी आली. गाडी थांबवली. मुलाने नागपूरच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, “छातीत दुखते का?” दुखत नव्हते. तरी ते म्हणाले, “स्टेंट असलेल्या माणसाच्या घामाकडे दुर्लक्ष करू नका, जवळच्या दवाखान्यात ईसीजी काढून घ्या.” तो काढला, सुदैवाने व्यवस्थित आला. रिकामे पोट, रक्तदाबाची गोळी आणि लांबचा प्रवास यांचा तो एकत्र परिणाम होता. दवाखान्याच्या ओट्यावर बसून यांनी दोन संत्री आणि वाटीभर मूग खाल्ले, तेव्हा अर्ध्या तासाने चेहऱ्यावर रंग आला. नातू आजोबांचा हात धरून बसला होता. त्या अर्ध्या तासात तो एक अक्षर बोलला नाही.

ते दृश्य माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. पथ्य म्हणजे उपास नव्हे, हे त्या ओट्यावर मला उमगले. औषधे चालू असणाऱ्याने प्रवासात दर तीन तासांनी थोडे, हलके खाल्लेच पाहिजे. ज्यांना तपश्चर्या करावयाची आहे, त्यांनी गोळ्यांच्या वेळांबद्दल डॉक्टरांशी आधी बोलावे. आणि छातीत दुखणे, दम लागणे, घाम येणे यांपैकी काही झाल्यास वेळ न दवडता १०८ क्रमांक फिरवावा. महाराष्ट्राप्रमाणे तेलंगणातही रुग्णवाहिकेसाठी तोच क्रमांक आहे.

दुसरा दिवस रामोजी फिल्म सिटीचा. १९९६ साली सुरू झालेले हे संकुल जगातील सर्वांत मोठे चित्रपट-निर्मिती संकुल म्हणून गिनीज बुकात नोंदले गेले आहे. एवढ्या विस्तारात बसने फिरवतात, तरी चालणे पुष्कळ होते. म्हणजे कागदावरील तिसरी ओळ आपोआप पाळली जाते. मनोरंजन उद्यानांत बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेण्यास बहुधा मनाई असते. म्हणून तिकीट काढतानाच दूरध्वनीवर चौकशी करावी, वैद्यकीय पथ्य असल्याचे सांगावे आणि डॉक्टरांची चिठ्ठी जवळ बाळगावी. आम्ही सकाळी भरपेट न्याहारी करून आत शिरलो आणि डबा गाडीत ठेवला.

दुपारी गर्दी होण्यापूर्वी, साडेअकरालाच, जेवणाकडे वळलो. खिडकीपाशी जाऊन मी सवयीने विचारले, “जैन मिळेल का?” आतल्या तरुणाने तत्परतेने होकार दिला आणि जैन पावभाजी पुढे ठेवली. बटाट्याऐवजी कच्ची केळी, कांदा-लसणाचा मागमूस नाही. आणि वर लोण्याचा गोळा सावकाश विरघळत होता. त्या मुलाने माझ्या प्रश्नाचे तंतोतंत उत्तर दिले होते. प्रश्नच अपुरा होता.

तेव्हा आमचे हे पुढे झाले. आजारपणानंतर चारचौघांत स्वतःच्या प्रकृतीविषयी यांनी कधी शब्द काढला नव्हता. ‘रुग्ण’ म्हणवून घेण्याची यांना लाज वाटे. त्या दिवशी मात्र खिडकीत किंचित वाकून हे हिंदीत म्हणाले, “भाऊ, मला हृदयाचा विकार आहे. कांदा-लसूणही चालत नाही. तेलाशिवाय काय देऊ शकाल?” तरुणाने क्षणभर विचार केला आणि आत जाऊन आचाऱ्याला घेऊन आला. पाच मिनिटांत ताट आले : वाफेवरच्या दोन इडल्या, साधा भात, फोडणी देण्यापूर्वी काढून ठेवलेले वरण, काकडी आणि टोमॅटोच्या फोडी. वरणाबरोबर द्विदलाचा दोष नको म्हणून ताक टाळले. नातवाने पावभाजी खाता खाता एक इडली आजोबांच्या ताटातून उचलली आणि कोणी काही न सांगता जवसाच्या चटणीची पुडी आईच्या पर्समधून काढली. त्या टेबलावर रुग्ण कोणीच नव्हते. एक कुटुंब जेवत होते.

वाचकहो, लाज सोडून विचारलेला हा दुसरा प्रश्न फार मोलाचा आहे. त्याचे काही भाग मी तेव्हापासून पाठच करून ठेवले आहेत.

‘तेल कमी घाला’ असे मोघम सांगू नये. कमी म्हणजे किती, हे प्रत्येकाचे वेगळे असते. त्याऐवजी नेमके सांगावे : पोळीला वरून तूप-लोणी नको, वरण फोडणीआधीचे द्या, डोसा तेल न सोडता काढा, भाजीऐवजी काकडी-टोमॅटो द्या. ‘शाही’, ‘मखनी’, ‘माखनवाला’, ‘तवा’ ही नावे दिसली की लोणी, साय किंवा तेल सढळ हाताचे असणार, हे समजून घ्यावे. पनीर जैन थाळीत हमखास असते. पण ते पूर्ण दुधाचे असल्यास त्यातही संपृक्त मेद बराच असतो.

इडली तेलाविना शिजते. तेल आणि खोबरे तिच्या भोवतालच्या वाट्यांत असते. सांबारात कांदा असतोच, म्हणून ते विचारून घ्यावे. आंबवलेले पदार्थ वर्ज्य असणाऱ्यांनी साधा भात व वरण मागावे.

तेलंगणात हिंदी पुष्कळ ठिकाणी चालते. तरी चार तेलुगू शब्दांनी स्वयंपाकघराचे दार लवकर उघडते. तेलाला ‘नूने’, तुपाला ‘नेय्यि’, कांद्याला ‘उल्लिपाय’, लसणाला ‘वेल्लुल्लि’ म्हणतात. ‘वद्दु’ म्हणजे नको आणि ‘तक्कुव’ म्हणजे कमी. ‘नूने वद्दु’ असे म्हणताच आचारी हसतो आणि ऐकतो, असा आमचा अनुभव आहे.

दहा किंवा त्याहून अधिक ठिकाणी शाखा असलेल्या उपाहारगृहांनी पदार्थापुढे त्याच्या कॅलरी लिहाव्यात, असा नियम आहे. ती पाटी वाचण्याची सवय मुलांना लावावी. हवाबंद पाकिटाच्या मागे मेदाचा तक्ता असतो. २०२२ च्या जानेवारीपासून तेल-वनस्पतीतील ट्रान्स फॅटवर दोन टक्क्यांची मर्यादा आली आहे, ही समाधानाची गोष्ट. परंतु खारी, नानकटाई, बिस्किटे ही तळलेली नसतात म्हणून निर्धोक, असे समजू नये. त्यांचे तेल-तूप पिठातच मुरलेले असते. मिठाविषयी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला पाच ग्रॅमहून कमी, म्हणजे सपाट लहान चमच्याच्या आत. पापड, लोणचे आणि मसाला खाकरा यांनी ती नकळत ओलांडली जाते.

चौविहार पाळणाऱ्यांनी वेळेचा विचार आधीच करावा. डिसेंबरच्या अखेरीस हैदराबादेस पावणेसहाच्या सुमारास सूर्यास्त होतो. त्या वेळी उद्यानात कार्यक्रमांची झुंबड असते आणि घाईघाईत हाताला लागेल ते, बहुधा तळलेले, खाल्ले जाते. आम्ही पाच वाजताच गाडीपाशी येऊन डबा उघडला. लाह्या, फुटाणे, केळी, थर्मासातले उकळलेले पाणी. सूर्यास्तापूर्वीचे हे हलके जेवण यांना रात्री चांगलेच मानवले.

तिसऱ्या दिवशी कुलपाकजींच्या दर्शनास निघालो. सिकंदराबादेहून तारनाका, उप्पल, भोंगीर करीत आलेरकडे जाताना वाटेत तारनाक्याला एका मोठ्या आवाराची पाटी दिसली आणि सूनबाई म्हणाली, “आई, तुमच्या पुऱ्या मोजणारी संस्था हीच.” राष्ट्रीय पोषण संस्था! १९१८ साली कुन्नूर येथे डॉ. रॉबर्ट मॅक्‌कॅरिसन यांनी बेरीबेरी रोगाच्या शोधासाठी एका लहानशा खोलीएवढ्या कामातून हिची सुरुवात केली आणि १९५८ मध्ये ती हैदराबादेस आली. ज्या देशात अन्न कमी पडल्याने माणसे आजारी पडत, त्या देशाला अधिक खाल्ल्याने होणाऱ्या आजारांविषयी आज तीच संस्था सावध करते आहे. आम्ही गाडीतूनच हात जोडले, नातवंडे हसली.

कुलपाकजींच्या भोजनशाळेत यांनी वाढप्याला स्वतःच सांगितले, “फुलका कोरडा द्या.” अशी विनंती तेथे कोणालाच नवीन नसते. अनेक तीर्थांच्या भोजनशाळांत आधी कळवल्यास आयंबिलाची सोयही होते. माझ्या मनात आले, की प्रवासात पथ्याचे ताट मिळण्याची सर्वांत सोपी जागा आपल्या इतक्या जवळ असते आणि आपण ते मागण्याचाच संकोच करतो.

आता मुलांनी मे महिन्यासाठी खोपोलीच्या इमॅजिका उद्यानाचा बेत मांडला आहे. या वेळी यादी यांनीच लिहिली. प्रवाशांत स्वतःचे नाव पहिले. उंच झोपाळे आणि वेगाची चक्रे हृदयरुग्णांसाठी नसतात, म्हणून त्यापुढे कंसात ‘बाकावर बसणार’. खाली डब्याची यादी : लाह्या, फुटाणे, कोरडे खाकरे, जवसाची चटणी. प्रत्येकी तीन तासांची वेळही लिहिली आहे. आणि अगदी तळाशी, बारीक अक्षरात : ‘फरसी पुऱ्या, आठ. चौघांत.’

मी कढई लहान चढवणार आहे.